सव्वा मिनिटाची श्रद्धांजली

रविवारी दुपारी काटेसाहेब इस्पितळातून घरी आले तेव्हा इमारतीच्या सूचनाफलकावर त्यांच्या निधनाची सूचना तिरकी लागली होती. कोणतीही वस्तू तिरकी दिसली की त्यांचा हात आपोआप पुढे जाई. पिशवी खाली ठेवून त्यांनी टाचणी काढली, कागद काटकोनात बसवला, एक पाऊल मागे सरून पाहिले आणि मग तो वाचला. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की...' फोटो त्यांचाच होता. तीन वर्षांपूर्वी इमारतीची पाण्याची टाकी साफ केली, तेव्हाच्या घोळक्याच्या फोटोतून तो कापलेला होता, त्यामुळे खांद्यापाशी कुणाचे तरी कोपर राहून गेले होते.

काटे हे त्यांचे आडनाव नव्हे. वजनमापे निरीक्षक म्हणून छत्तीस वर्षे त्यांनी दुकानादुकानांतले तराजू तपासले. ते बाजारात शिरले की दुकानदार एकमेकांना 'काटा आला, काटा आला' असा इशारा देत. सहा वर्षांपूर्वी, निवृत्तीनंतर हे नाव त्यांच्या मागोमाग इमारतीत राहायला आले. बायको जाऊन नऊ वर्षे झाली होती, मूलबाळ नव्हते. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ते, एक कुंडी आणि भिंतीवरचे घड्याळ असे तिघे राहत. तिघांपैकी बोलत असे ते घड्याळ.

ते सूचना दुसऱ्यांदा वाचत असताना जिन्यावरून सेक्रेटरी खाली आले. अर्ध्या जिन्यात त्यांनी साहेबांना पाहिले आणि कठडा घट्ट धरला.

"तुम्ही... तुम्ही तर गुरुवारी..."

"गुरुवारी काय?"

"वारलात ना!"

"मला कोणी सांगितलं नाही," काटेसाहेब म्हणाले.

सेक्रेटरींना तिथेच पायरीवर बसवून पाणी द्यावे लागले. थोडी तरतरी आल्यावर त्यांनी सगळे सांगितले. सोमवारी साहेबांना जिन्यात चक्कर आली, गाडी येऊन त्यांना घेऊन गेली. गुरुवारी सकाळी इस्पितळातून फोन आला की तुमचा रुग्ण दगावला. साहेबांच्या फॉर्मवर नातेवाइकाच्या जागी सेक्रेटरींचाच नंबर होता.

"मी विचारलं, न्यायला कधी येऊ? तर म्हणाले, यायची गरज नाही, त्यांनी देहदान केलंय. खरं सांगू, साहेब? मनात म्हटलं, किती सोयीचा माणूस!"

"आणखी कोणाला कळवलंत?"

सेक्रेटरींनी मान खाली घातली. "शोधलं हो कोणी सापडतंय का. तुमच्या टेबलाच्या खणात वही होती फोन नंबरांची. तिच्यात तीन नंबर. एक दूधवाल्याचा, एक इस्त्रीवाल्याचा आणि एक माझा."



शुक्रवारी शोकसभाही झाली होती. इतिवृत्ताची वही काटेसाहेबांनी मागून घेतली. नियमानुसार ती कोणत्याही सभासदाला पाहता येते आणि दिवंगत सभासदाबद्दल नियमात वेगळे काही नव्हते. उपस्थिती सात. त्यातले दोघे पाण्याच्या मोटारीबद्दल विचारायला आले होते आणि अडकले होते. 'त्यांची कधीही कसलीही तक्रार नसे,' असे उद्गार सेक्रेटरींनी काढल्याची नोंद होती.

"मी एकोणीस तक्रारी दिल्या होत्या. लेखी."

"मिळाल्या होत्या की. पण शोकसभेत कसं काढायचं ते?"

"आणि इथे लिहिलंय, 'दोन मिनिटे स्तब्ध उभे राहून श्रद्धांजली वाहण्यात आली.' पूर्ण दोन?"

सेक्रेटरी घुटमळले. खोटे बोलायला हरकत नव्हती, पण समोर साक्षात काटा उभा होता. "सव्वा. मधेच मोटार सुरू झाली, टाकी वाहायला लागली, लोक धावले."

काटेसाहेबांनी वही मिटली. त्यांच्या खात्यात तीन चतुर्थांश मिनिट हे माप नव्हते, पण हिशेब साधा होता. शेकडा साडेसदतीस तूट! एवढ्या तुटीला त्यांनी दुकाने सील केली होती.

घरी आले तर दूध बंद, पेपर बंद. कुंडी गायब. ती दुसऱ्या मजल्यावरच्या भूगोलाच्या बाईंनी नेली होती. शाळेतून निवृत्त झाल्यावर शिकवायला कोणी उरले नव्हते, म्हणून बाई जिन्यात भेटेल त्याला माहिती देत असत. कुंडी परत करायला त्या आल्या खऱ्या, पण ती त्यांच्या हातून सुटेना. "बघा ना, चार दिवसांत दोन पानं फुटली हिला!" साहेबांकडे सहा वर्षांत एकही फुटले नव्हते. "असू द्या तुमच्याकडेच," ते म्हणाले. बाई खूश होऊन गेल्या आणि घरात साहेब आणि घड्याळ एवढेच उरले.

हे सगळे इथेच संपायचे. इस्पितळाने चूक केली, सेक्रेटरींनी फलकावरची सूचना काढली, विषय मिटला. पण 'चूक झाली' या बातमीत काही दम नसतो. 'परत आले' या बातमीत असतो. भूगोलाच्या बाईंनी संध्याकाळपर्यंत दुसरी बातमी चारही मजले आणि समोरची बेकरी एवढ्या परिसरात पोचवली.

सोमवारी सकाळी दाराची कडी वाजली. तळमजल्यावरचे पोस्टमनकाका आले होते. चाळीस वर्षे पत्रे वाटून निवृत्त झालेला माणूस, पाय थकले होते, तरी तीन मजले चढून आला होता. मागच्या थंडीत त्यांची बायको गेली होती. सहा वर्षांत ते साहेबांच्या घरी कधी आले नव्हते.

"बसा," साहेब म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आले की घरात खुर्ची एकच आहे. त्यांनी काकांना खुर्ची दिली आणि स्वतः पलंगावर बसले.

"साहेब, तुम्ही जाऊन आलात म्हणे."

"अहो, मी कुठेही गेलो नव्हतो. कागदांची गफलत झाली."

"तसं असेल," काका म्हणाले. टोपी गुडघ्यावर फिरवत राहिले. मग उठले. दारापर्यंत गेले. पाठमोरेच म्हणाले, "एकच विचारायचं होतं. तिला थंडी सोसायची नाही. तिकडे थंडी असते का हो?"

काटेसाहेबांनी आयुष्यात एक ग्रॅम इकडचा तिकडे केला नव्हता. पण त्या पाठीकडे बघून त्यांच्या तोंडून शब्द निघून गेले. "नाही. थंडी नव्हती."

काका वळले. परत खुर्चीवर येऊन बसले. "चहा टाका थोडा," म्हणाले.

त्या दिवशी नऊ वर्षांनी दुसरा कप खाली आला. धुतला तर आत कोळ्याचे जाळे निघाले.

एका खोट्याला सोबत लागते. दुसऱ्या दिवशी काका आणखी दोघांना घेऊन आले, तिसऱ्या दिवशी ते दोघे आणखी चौघांना. साहेबांनी सहा कप आणि चार घडीच्या खुर्च्या आणल्या. सुरुवातीला ते प्रत्येकाला खरे सांगून पाहत. "मी मेलो नव्हतो." ऐकणाऱ्याचा चेहरा उतरे, तो चहा अर्धा टाकून उठे, जिन्यावरची पावले खाली खाली जात आणि घड्याळाचा आवाज मोठा होई. पण साहेब नुसते "आता काय सांगायचं!" एवढे म्हणून गप्प बसले, तर माणूस तासभर हलत नसे. हे खोटे नव्हते. त्यांना खरोखरच काय सांगायचे ते कळत नव्हते. नुसत्या गप्प बसण्यावर लोक आपापल्या आवडीचे रंग भरून घेत होते.

मग धर्मगुरू आले. वेगवेगळ्या तीन प्रार्थनास्थळांचे तिघे, एकाच दुपारी, जिन्यात एकमेकांना 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत. एक लांब झग्यातले, एक उंच टोपीतले आणि एक डोके गुळगुळीत केलेले. तिघांनाही साहेबांच्या अनुभवात रस होता आणि तिघांनाही तो आपल्याच मार्गाने आला असावा अशी आशा होती.

"प्रकाश दिसला असेल," लांब झगेवाले प्रेमळपणे म्हणाले. "आणि हाक ऐकू आली असेल, परत जा म्हणून."

"न्यायला आले, ते चुकीच्या माणसाला," गुळगुळीत डोकेवाले म्हणाले. "वर गेल्यावर वहीत बघतात, तर नाव वेगळंच. मग परत पाठवतात. आमच्याकडे असे दाखले पुष्कळ आहेत."

"चूक झाली हे खरं," काटेसाहेब म्हणाले, "पण ती वरच्यांनी नव्हे, खालच्यांनी केली."

"बघा!" गुळगुळीत डोकेवाले इतर दोघांकडे बघून म्हणाले. "वरच्यांची चूक नाही म्हणतायत. म्हणजे वरच्यांशी भेट झालेली आहे."

इतका वेळ गप्प असलेले उंच टोपीवाले पुढे सरकले. "पण माणसाच्या कर्मांचं वजन होतं. तिथे तराजू असतो."

काटेसाहेब ताठ बसले. "तराजू? कुठल्या प्रकारचा? दोन पारड्यांचा की दांडीचा?"

"दोन पारड्यांचा," टोपीवाले जरा चाचरत म्हणाले.

"पडताळणी कधी झाली होती? दोन पारड्यांच्या तराजूत फार गडबड असते. दांडीच्या मधोमध असतो तो काटा झिजतो. वजनं कोण तपासतं? त्यांच्यावर शिक्का असतो का? शिक्का नसेल तर तो निवाडाच बाद ठरतो, साहेब! माणसाच्या जन्माचा प्रश्न आहे."

छत्तीस वर्षांचा अनुभव एकदम बोलू लागला होता. ते सलग पाऊण तास बोलले. नऊ वर्षांत ते एवढे बोलले नव्हते. तिन्ही धर्मगुरू मान डोलावत ऐकत राहिले. संध्याकाळी बेकरीसमोर बातमी फुटली. काटेसाहेबांनी वरचा तराजू तपासला, त्यात किंचित फरक निघाला, आणि तो दुरुस्त करण्याच्या बोलीवरच त्यांना परत सोडले.

ही बातमी ऐकून विद्यापीठातल्या एक प्राध्यापिका आल्या. मरणाच्या दारातून परत आलेल्यांच्या कहाण्या गोळा करणे हा त्यांचा विषय होता. बारीक अक्षरातली अकरा पानी प्रश्नावली त्यांनी टेबलावर ठेवली.

"सगळ्या धर्मांत, सगळ्या देशांत असे दावे आहेत," त्या म्हणाल्या. "कुठे बोगदा, कुठे नदी, कुठे केसाएवढा बारीक पूल. एका प्राचीन देशात तर मेला म्हणून सगळे विधी झालेला माणूस जिवंत परत आला, तर त्याला दारातून घरात घेत नसत म्हणे. छपरातून आत उतरवत."

"गच्चीची किल्ली माझ्याकडे आहे," सेक्रेटरी लगबगीने म्हणाले. हल्ली ते रोज येत असत आणि पाहुण्यांना साहेबांची ओळख 'आमचे साहेब' अशी करून देत.

"मी दारातून आलो. जमलं मला," काटेसाहेब म्हणाले.

प्राध्यापिकांनी शनिवारी वाचनालयाच्या सभागृहात परिसंवाद ठरवला. विषय, 'परत आलेली माणसे'. साहेब प्रमुख वक्ते. "फक्त एक लागेल. तुम्हाला मृत घोषित केल्याचा इस्पितळाचा कागद. नाहीतर माझे सहकारी विश्वास ठेवत नाहीत."

कागदाचे नाव काढल्यावर काटेसाहेबांना नाही म्हणता आले नाही. कागद हवाच, हे त्यांचेही मत होते. शुक्रवारी सकाळी ते इस्पितळात गेले. नोंदणीच्या खिडकीतल्या कारकुनाने रजिस्टर उघडले, बोट फिरवले, ओठ चावला.

"तुम्ही सात नंबरच्या खाटेवर होतात. गुरुवारी सकाळी तुम्हाला तपासणीसाठी वरच्या मजल्यावर हलवलं. त्याच सकाळी आठ नंबरचे गेले. फायली एकावर एक होत्या, माझ्याकडून फोन करताना तुमची घेतली गेली. चूक माझी. माफ करा."

"आठ नंबरचे गेले?" काटेसाहेब म्हणाले. "मला वाटलं, त्यांना घरी सोडलं. मी वरून परत आलो तेव्हा खाट मोकळी होती."

"घरी तुम्हाला सोडलं. रजिस्टरप्रमाणे मात्र तुम्ही गेलात आणि ते रविवारी बरे होऊन घरी गेले. दुरुस्तीचा अर्ज टाकतो मी आज."

"त्यांच्या घरी कळवलंत?"

कारकुनाने फाईल फिरवून त्यांच्यासमोर धरली. देहदानाचा कागद व्यवस्थित भरलेला होता, सुंदर, ठसठशीत अक्षरात. आणि नातेवाइकाचे नाव या रकान्यात त्याच हाताने ओढलेली एक सरळ रेघ होती.

काटेसाहेब घरी चालत आले. म्हणजे ती सात माणसे, ती मोटार, ते सव्वा मिनिट हे सगळे खरे तर त्या माणसाचे होते. जगात त्याच्यासाठी एवढेच झाले होते, आणि तेही दुसऱ्याच्या नावावर. दारात पोस्टमनकाका आणि आणखी पाच जण खुर्च्या उघडून बसलेच होते. साहेबांनी चहा केला, पण त्या दिवशी ते खरोखरच गप्प होते. लोकांना वाटले, आज काहीतरी विशेष आठवतेय.

शनिवारी सभागृह गच्च भरले होते. खुर्च्या कमी पडल्या म्हणून शेजारच्या खोलीतल्या शिवणवर्गाच्या खुर्च्या न विचारता ओढून आणल्या होत्या. पहिल्या रांगेत तिन्ही धर्मगुरू, त्यांच्यामागे सेक्रेटरी, भूगोलाच्या बाई, बेकरीवाला. प्राध्यापिकांनी प्रास्ताविकात जगातल्या सहा परंपरांचा आढावा घेतला आणि साहेबांना बोलायची विनंती केली.

काटेसाहेब उभे राहिले. "मी मेलो नव्हतो," ते म्हणाले.

सभागृहात चुळबूळ झाली.

"मला प्रकाश दिसला नाही. पूल दिसला नाही. तराजू मी बघितला नाही, बघितला असता तर तपासला असता. आणि..." त्यांनी तिसऱ्या रांगेकडे पाहिले. "पोस्टमनकाका, थंडीचंही मला काही माहीत नाही. मी खोटं बोललो."

पोस्टमनकाकांनी हात हलवला. "ते मला तेव्हाच कळलं होतं हो!" ते बसल्या जागेवरून म्हणाले. "लोकांच्या घरची खुशाली चाळीस वर्षं हातातून गेली माझ्या. आतलं पत्र न वाचता खुशाली सांगणारा मला ओळखू येतो."

"मग रोज कशाला येत होता?"

"तुमच्याकडे खुर्च्या आल्या होत्या ना!"

लोक हसले. साहेबांनी माइक सरळ केला.

"मेले ते आठ नंबरच्या खाटेवरचे. त्यांना ओळखणारा कोणी सापडला नाही. मी त्यांच्या शेजारी तीन दिवस होतो, तेव्हा मला जे माहीत आहे ते सांगतो. उंची अंदाजे पाच फूट चार इंच. वजन एकोणपन्नास किलो. वॉर्डातला काटा दोनशे ग्रॅम जास्त दाखवत होता, ते वजा करून. धंदा पाट्या रंगवायचा. समोरच्या भिंतीवर 'शांतता राखा' लिहिलं होतं, ते बघून त्यांना झोप येईना. म्हणायचे, तो 'ख' बघा, त्याचे पाय सुटलेत. 'शांतता रारवा' झालंय. मला एक ब्रश आणून द्या. नर्सबाईंनी दिला नाही, तर औषधाच्या काडीने हवेत गिरवायचे. जेवणातलं केळं अर्धं मला द्यायचे. तंतोतंत अर्धं, मी मोजलं होतं. आणि बोलायचे बहिणीबद्दल. पूर्ण तीन दिवस. अकरा वर्षं तिच्याशी बोलणं नव्हतं."

साहेबांनी पाण्याचा घोट घेतला.

"बहिणीने वर्ग काढला, तिची पाटी यांनी रंगवली. उद्घाटनाला वीसेक माणसं. पाटीवरचं कापड बाजूला केलं, तर 'शिवणवर्ग' मधला 'शि' दीर्घ. बहीण सगळ्यांदेखत म्हणाली, पाटीवाल्याला साधं ऱ्हस्वदीर्घ येत नाही. यांनी शिडी उचलली आणि निघून गेले. मला म्हणायचे, साहेब, माझी चूक नव्हती. तिनेच चिठ्ठीवर दीर्घ लिहून दिलं होतं."

"साफ खोटं!" दारातून आवाज आला. "ऱ्हस्व लिहून दिलं होतं मी!"

सगळ्या माना वळल्या. साठीची एक ठेंगणी बाई, गळ्यात मोजायची टेप, दोन्ही हातांत एकेक घडीची खुर्ची. ती शेजारच्या शिवणवर्गाची बाई होती आणि आपल्या खुर्च्या परत न्यायला आली होती. रागाने तिचा चेहरा लाल झाला होता. "अकरा वर्षं झाली तरी तेच! कुठाय तो? समोर आणा त्याला, मी..."

आणि मग, आपण कोणत्या सभेत उभ्या आहोत, हे तिच्या लक्षात आले. तिच्या हातातली एक खुर्ची खाली पडली. दुसरी तिने स्वतःच उघडली आणि तिच्यावर बसली.

"कधी?" तिने विचारले.

"गेल्या आठवड्यात, गुरुवारी. सकाळी," काटेसाहेब म्हणाले.

पहिल्या रांगेत कुजबूज सुरू झाली. लांब झगेवाल्यांनी डोळे पुसले आणि उंच टोपीवाल्यांच्या कानात म्हणाले, "निरोप घेऊन परत आले, बघा!" गुळगुळीत डोकेवाले म्हणाले, "म्हणूनच पाठवलं त्यांना." साहेब मेले नव्हते, हे साहेबांनी माइकवरून सांगितले होते, ते आता कोणाच्याही लक्षात नव्हते. प्राध्यापिका प्रश्नावलीच्या पाठीमागे भराभर लिहीत होत्या.

साहेब व्यासपीठावरून उतरून शिवणवर्गाच्या बाईंपाशी गेले. त्यांनी देहदानाचे सांगितले.

"देह दिला?" ती म्हणाली. "जन्मात कोणाला शिडी उसनी दिली नाही त्याने!" आणि ती रडू लागली.

रडून झाल्यावर तिने साहेबांना शेजारच्या खोलीच्या दाराशी नेले. वर पाटी होती. निळ्यावर पिवळी, अकरा वर्षांत उन्हाने जरा फिकटलेली, पण अक्षरे मोत्यांच्या ओळीसारखी. 'शीवणवर्ग'.

"बदलली नाहीत?"

"कशाला बदलू? येईल, दुरुस्त करील म्हणून ठेवली. दर महिन्याला कोणीतरी शहाणा येऊन चूक दाखवतो. मी म्हणते, माहितीये."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, ती तिसऱ्या मजल्यावर हजर झाली. कडी वाजवली ती तक्रार असल्यासारखी. आत आली, सगळ्या खुर्च्यांवरून नजर फिरवून मोठ्या खुर्चीवर बसली आणि पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढला.

"ही ती चिठ्ठी. तो निघून गेला, त्याच्या खिशातून जिन्यात पडली होती. कधीतरी त्याच्या तोंडावर मारीन म्हणून ठेवली. उघडली नाही कधी. काय लिहिलंय ते मला माहीतच आहे. तुम्ही वजनमापांचे साहेब ना? बघा, आणि काय ते सांगा."

काटेसाहेबांनी खिडकीचा पडदा सारला. भिंग काढले. कागद सरळ केला. अक्षर घाईचे होते, पण शंकेला जागा नव्हती. वेलांटी उजवीकडे होती, चांगली भरघोस, खाली उतरलेली.

गेल्या आठवड्यात एका खोट्या शब्दाने त्यांच्या घरात चार खुर्च्या आणि सहा कप आणले होते. शाई पसरलीय एवढे म्हटले की ही बाईही समाधानाने जाईल. त्यांनी भिंग खाली ठेवले.

"दीर्घ आहे, बाई."

तिने चिठ्ठी आपल्याकडे ओढून पाहिली. घड्याळ एकटेच बोलत होते. मग तिने कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली, पर्सची साखळी ओढली.

"असेल," ती म्हणाली. "उद्घाटनाची गडबड होती. पण म्हणून त्याला कळायला नको? पाट्या रंगवणारा माणूस तो! बहीण आंधळेपणाने काहीही लिहून देईल, आपण बघायला नको? म्हणजे चूक त्याचीच."

"तसंही म्हणता येईल," काटेसाहेब म्हणाले.

"आणखी काय काय म्हणाला तो माझ्याबद्दल? तीन दिवस बोलत होता म्हणालात. सगळं सांगा. एकेक खोडून काढते."

साहेबांना सगळे आठवत होते. लहानपणच्या सायकलपासून मावशीच्या लग्नातल्या भांडणापर्यंत, शब्दन् शब्द. सांगायला बसले असते तर संध्याकाळपर्यंत संपले असते. त्यांनी समोरच्या बाईकडे पाहिले. ती पुढे सरकून, बाह्या सावरून बसली होती. गेलेला भाऊ या खोलीत जणू तिच्यासमोरच बसला होता.

"आज सायकलचं एवढंच सांगतो," ते म्हणाले. "बाकीचं आठवावं लागेल."

सायकलवरून सव्वा तास भांडण झाले. भावाची बाजू साहेबांना मांडावी लागली आणि त्यांनी ती काटेकोरपणे मांडली. बाई दोनदा हसली, एकदा डोळे पुसले, एकदा टेबलावर हात आपटला. शेवटी उठली.

"पुढच्या गुरुवारी येते. तोवर आठवून ठेवा." दारापर्यंत जाऊन ती थांबली. "आणि चहा अगोड होता."

"दोन चमचे घातली होती साखर. सपाट, मोजून."

"मग तुमचा चमचा लहान आहे," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

काटेसाहेबांनी चमचा धुतला, पुसला आणि खिडकीपाशी उजेडात धरला. मग कपाटातून मापाचा चमचा काढून त्याच्याशेजारी ठेवला.

लहान होता.